अब्राहामाच्या खात्यावर काय जमा झालं?

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका बँकेतून निवृत्त झाले आहेत. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. परवा जिन्यात थांबवून म्हणाले, "काय हो, हे 'अब्राहम करार, अब्राहम करार' म्हणतात, तो अब्राहम आणि तुमच्या चर्चमधला अब्राहाम एकच का? आणि एकच असेल, तर त्याने नेमकं केलं काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जिन्यातच देता आलं. हो, एकच. 15 सप्टेंबर 2020 रोजी वॉशिंग्टनमध्ये इस्राएलने संयुक्त अरब अमिराती आणि बहारीनबरोबर सह्या केल्या. त्या कराराला हे नाव मिळालं, कारण ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान हे तिघेही त्याला आपला मानतात. अबुधाबीच्या सादियात बेटावर 2023 मध्ये एकाच आवारात मशीद, चर्च आणि सिनेगॉग खुलं झालं, तेही त्याच्याच नावाने. त्याआधी मार्च 2021 मध्ये पोप फ्रान्सिस इराकला गेले, तेव्हा ऊरच्या अवशेषांपाशी जाऊन आले. ऊर हे बायबलप्रमाणे अब्राहामाचं गाव.

दुसरा प्रश्न मात्र जिन्यात सुटणारा नव्हता. कारण खरं सांगायचं तर अब्राहामाने फारसं काही केलेलं नाही. राज्य स्थापलं नाही, कायदा दिला नाही, ग्रंथ लिहिला नाही, मंदिर बांधलं नाही. जाईल तिथे दगडांच्या वेद्या तेवढ्या रचल्या. तरी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूनंतरचा भाग, त्याला विश्वास ठेवणाऱ्या सगळ्यांचा बाप म्हणतो. हे कसं, ते काकांना चहावर सांगायचा प्रयत्न केला. तोच इथे थोडा नीट मांडतो.

हा माणूस कोण?

'उत्पत्ती' हे बायबलचं पहिलं पुस्तक. त्याच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी अब्राहाम येतो आणि पंचविसाव्यात मरतो. इसहाक हा त्याचा मुलगा, याकोब नातू. या तिघांना मूळपुरुष म्हणतात. आपल्याकडे कुळाच्या वंशावळीत पहिलं नाव असतं, तसं.

त्याचं आधीचं नाव अब्राम. बाप तेरह सगळ्या घराला घेऊन ऊरहून कनान देशाकडे (आजचा इस्राएल-पॅलेस्टाईनचा भाग) निघाला, पण वाटेत हारान इथे मुक्काम पडला तो पडलाच. हारान आज तुर्कस्तानात आहे. तिथे अब्रामाला देवाची हाक आली: आपला देश, आपले नातेवाईक, आपल्या बापाचं घर सोड आणि मी दाखवीन त्या देशात जा. तुझ्यापासून मोठं राष्ट्र होईल, पृथ्वीवरची सगळी कुळं तुझ्याद्वारे आशीर्वाद पावतील. त्या वेळी त्याचं वय 75, बायको साराय (हीच पुढे सारा) निपुत्रिक. 'अब्राम' या नावाचा अर्थ 'थोर बाप'. पंचाहत्तरीला मूल नसलेल्या माणसाला लोक या नावाने हाक मारत असतील, तेव्हा कसं वाटत असेल त्याला?

मराठीला ही कथा नवी नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या पूर्वजांची आख्यानं मराठी कीर्तनाच्या बाजात लावली होती. ना. वा. टिळकांनी तोच कीर्तनाचा बाज ख्रिस्ती श्रोत्यांसाठी वापरला.

विश्वास ठेवणं आणि विश्वास टाकणं

'विश्वास' म्हटलं की आपल्याला वाटतं, मनात शंका नसणं. किंवा पुरावा नसताना डोळे मिटून मान डोलावणं. अब्राहामाच्या कथेतला शब्द वेगळा आहे. मूळ हिब्रू क्रियापद ज्या धातूवरून आलं, त्याच धातूवरून 'आमेन' आला. अर्थ पक्कं असणं, भार पेलणं. बायबलमध्ये तान्ह्या बाळाला कडेवर घेणाऱ्या दाईसाठी याच धातूचा शब्द आहे. रूथच्या कथेत म्हातारी नामी नातवाला उराशी धरते, तिथे तो येतो.

मराठीत आपण विश्वास ठेवतो, तसाच कोणावर तरी टाकतोही. टाकायला भार लागतो. खुर्ची मजबूत आहे असं म्हणणं ही माहिती झाली, तिच्यावर बसणं हा विश्वास. कडेवरचं मूल आईच्या हाताच्या ताकदीचा हिशोब करत नाही, अंग सैल सोडून देतं. मध्येच दचकून गळ्याला मिठीही मारतं, पण म्हणून ते कडेवरून उतरलेलं नसतं.

अब्राम तसाच निघाला. पुढे नव्या करारातलं 'इब्री लोकांस पत्र' लिहिणाऱ्याने त्याचं एका ओळीत वर्णन केलं: आपण कुठे जातो हे ठाऊक नसताना तो निघाला.

वचन मिळालं, ताबा नाही

हाक आली तेव्हा वय 75. वचनातला मुलगा झाला तेव्हा 100. मधली 25 वर्षं प्रवचनात दोन वाक्यांत उरकतात. अन्याय आहे हा.

आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात गेलो. हातात कागद होते, नकाशा होता, आपला फ्लॅट कुठल्या मजल्यावर ते ठाऊक होतं. ताबा मात्र नव्हता. आईने दारावरची नावाची पाटी स्क्रू काढून जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळली आणि कपाटात वर ठेवली. भाड्याच्या दाराला तिने ती कधी लावली नाही. दर अकरा महिन्यांनी करार नवा, दर दिवाळीला "पुढच्या दिवाळीला तिकडे". ताबा मिळाला तेव्हा पाटी लावायला आई नव्हती.

'इब्री लोकांस पत्र' अब्राहामाबद्दल हेच सांगतं. वचन दिलेल्या देशातच तो परक्यासारखा, तंबूत राहिला. मूळपुरुष वचनांची पूर्ती न पाहता मेले, त्यांनी ती दुरून पाहिली आणि तिला नमस्कार केला. अब्राहामाला त्या देशात पाऊल ठेवण्याइतकीही जमीन मिळाली नाही, असं नव्या करारातल्या प्रेषितांच्या पुस्तकात स्तेफन, पहिला ख्रिस्ती हुतात्मा, म्हणतो. फरक इतकाच, की आमच्याकडे निदान शिक्क्याचा कागद होता. अब्राहामाकडे आवाज होता.

विश्वासाने सगळं लवकर मिळतं, आजार पळतो, धंदा वाढतो, असं मंचावरून सांगणारे उपदेशक आज पुष्कळ आहेत. त्यांनी ही 25 वर्षं एकदा सावकाश वाचावीत.

घारी हाकलण्याची संध्याकाळ

पंधराव्या अध्यायापर्यंत बरीच वर्षं गेली आहेत. देव पुन्हा म्हणतो, भिऊ नकोस, तुझं प्रतिफळ मोठं आहे. यावर अब्रामाचं उत्तर जवळजवळ कुरकुरीचं आहे. काय देणार आहेस मला? मूल तर नाही. माझं सगळं त्या दिमिष्कच्या (दमास्कसच्या) एलियेजराला, माझ्या नोकराला, जाणार.

देव त्याला तंबूबाहेर नेतो. म्हणतो, आकाशाकडे बघ, तारे मोजता आले तर मोज. तुझी संतती इतकी होईल. लगेच पुढे ते वाक्य येतं, ज्यावरून पुढे युरोपभर वाद पेटला: अब्रामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला, आणि हे त्याच्या बाबतीत नीतिमत्त्व असं गणण्यात आलं.

नीतिमत्त्व म्हणजे इथे चांगली वागणूक एवढंच नव्हे. देवाशी नातं सरळ असणं, त्याच्या दरबारात निर्दोष ठरणं. आणि 'गणलं' हा हिशोबाचा शब्द आहे. नव्या करारात पौल, येशूनंतरचा मोठा प्रचारक, हेच वाक्य ग्रीकमध्ये देतो, तेव्हा व्यापारी खतावणीत जो शब्द वापरत तोच वापरतो. खात्यावर जमा धरलं.

इथे काका सरसावून बसले. "म्हणजे भरणा न करता जमा? आमच्या बँकेत चौकशी लागली असती."

लागलीच असती. पौलाचा मुद्दा तोच आहे. काम करणाऱ्याला मजुरी देणं ही मेहेरबानी नसते, ते त्याचं येणं असतं. अब्रामाने त्या रात्री काही कमावलेलं नव्हतं, फक्त बोलणाऱ्यावर भार टाकला होता. जमा झालं ते देणाऱ्याच्या पदरचं.

त्याच अध्यायात पुढे एक विचित्र विधी आहे, आणि तो कळला की हे नीट उलगडतं. त्या काळी दोन पक्ष करार करताना जनावरं मधोमध चिरून समोरासमोर ठेवत आणि मधून चालत जात. अर्थ असा, की मी शब्द मोडला तर माझी हीच गत होवो. हिब्रूत करार 'करतात' असं नाही, करार 'कापतात' असं म्हणतात, ते यावरून. अब्राम एक कालवड, एक बकरी, एक एडका कापून मांडतो, होला आणि पारव्याचं पिलू न चिरता ठेवतो आणि वाट पाहत बसतो. काहीच घडत नाही. मांसावर शिकारी पक्षी उतरू लागतात. तो त्यांना हाकलत राहतो.

मला या सबंध कथेत हे चित्र सगळ्यात जवळचं वाटतं. देवाने सांगितलेलं सगळं मांडून ठेवलंय, देवाचा पत्ता नाही आणि म्हातारा हातवारे करत घारी उडवतोय.

सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते. अंधारात एक धुमसती भट्टी आणि एक जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. ते देवाच्या उपस्थितीचं चिन्ह. अब्राम त्यातून चालत जातच नाही, तो झोपलेला आहे. काकांना मी म्हटलं, कर्जाच्या कागदावर बँकेनेच कर्जदार म्हणून सही केली आणि जामीनदार म्हणूनही, आणि ग्राहक बाकड्यावर घोरतोय, असं समजा. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. ख्रिस्ती लोक 'कृपा' म्हणतात ती हीच.

मग चांगलं वागायची गरजच काय?

हा आक्षेप नव्या कराराच्या आतच आहे. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो, अब्राहाम विश्वासाने नीतिमान ठरला, कर्मांनी नव्हे. याकोबाच्या पत्रात (हा याकोब वेगळा, नातू नव्हे) म्हटलंय, अब्राहाम कर्मांनी नीतिमान ठरला नाही काय? दोघंही त्याच माणसाचं आणि त्याच वाक्याचं उदाहरण देतात.

1517 मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरने चर्चशी वाद मांडला आणि पुढे त्याच्या गाभ्याशी हाच प्रश्न आला. ल्यूथर पौलाच्या इतका बाजूने, की याकोबाच्या पत्राला त्याने गवताचं पत्र म्हटलं. त्या वादातून चर्च फुटलं. पुढे 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्याच आउग्सबर्ग शहरात कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: माणूस देवापुढे स्वीकारला जातो तो केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने, स्वतःच्या पुण्याईने नव्हे, आणि ती कृपा त्याला सत्कर्मांसाठी सज्ज करते. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण या मुद्द्यावरून एकमेकांना शाप देणं थांबलं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर दोघं वेगवेगळ्या माणसांशी बोलताहेत. पौलासमोर हिशोब दाखवणारा आहे, याकोबासमोर नुसतं तोंडाने 'विश्वास आहे' म्हणणारा. पौल पंधराव्या अध्यायातली रात्र दाखवतो, याकोब बाविसाव्यातला डोंगर (तो पुढे येतोच). मध्ये तीसेक वर्षं गेली आहेत. तेवढ्या काळात कलमाला फळ धरायला हवं, हे सांगायला पंडित लागत नाही.

पौलाचा दुसरा मुद्दा वकिली आहे आणि मला फार आवडतो. तो तारखा तपासतो. सुंता, म्हणजे यहुदी असण्याची शरीरावरची खूण, अब्राहामाला सतराव्या अध्यायात मिळाली, वयाच्या 99 व्या वर्षी. 'नीतिमान गणलं' हे पंधराव्यात, इश्माएलच्या, म्हणजे दासी हागारपासून झालेल्या मुलाच्या, जन्माच्याही आधी. इश्माएल झाला तेव्हा अब्राम 86 वर्षांचा. म्हणजे खात्यावर जमा झालं त्यानंतर किमान तेरा वर्षांनी शिक्का बसला. पौल विचारतो, मग शिक्का नसलेल्यांना दार बंद कसं? अब्राहाम त्यांचाही बाप.

जन्मावरून माणसाची जागा ठरवणाऱ्या समाजात हा युक्तिवाद किती लांब जातो, ते नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कळलेलं आहे. वंशात नसलेला माणूस वारस होऊ शकतो. अर्थात आमच्या मंडळ्यांमधून जात गेली असं म्हणायला जीभ रेटत नाही. लग्नाच्या जाहिराती वाचल्या तरी कळतं.

पण तो तर खोटं बोलला होता

बोलला, आणि दोनदा. दुष्काळात मिसर (इजिप्त) देशात गेला तेव्हा जिवाच्या भीतीने बायकोला म्हणाला, तू माझी बहीण आहेस म्हणून सांग. तिला फारोच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, वाड्यात नेलं, याला मेंढरं, बैल, गाढवं मिळाली. पुढे गरार इथे अबीमलेख राजासमोर पुन्हा तेच. दोन्ही वेळा देवाला मध्ये पडून सारेला सोडवावं लागलं आणि दोन्ही वेळा परक्या राजाने अब्राहामाची कानउघाडणी केली. देवाचा माणूस खजील उभा आणि ज्याला देव ठाऊक नाही तो नीतीचं बोलतोय. बायबल हे झाकत नाही, आणि माझा त्यावरचा भरवसा अशाच पानांमुळे वाढतो.

खोटेपणापेक्षा मला हागारचं प्रकरण जड जातं. दहा वर्षं वाट पाहून थकलेल्या सारायने आपली मिसरी दासी नवऱ्याला दिली, तिच्यापासून तरी घर वसेल म्हणून. त्या काळच्या रीतीत बसणारं होतं. हागारला कोणी विचारलं नाही. ती गरोदर राहिली, दोघींचं बिनसलं. अब्राम म्हणाला, दासी तुझ्या हातात आहे, वाटेल ते कर. सारायने इतकं छळलं की ती पळाली.

रानात, शूरच्या वाटेवर एका झऱ्यापाशी देवाचा दूत तिला नावाने हाक मारतो. तोवरच्या कथेत तिला नावाने हाक मारणारा तो पहिला. अब्राम आणि साराय तिला 'दासी'च म्हणत आले. आणि ती दासी देवाला नाव ठेवते: एल-रोई, पाहणारा देव. तिथल्या विहिरीचं नाव पडलं बैर-लहाय-रोई, मला पाहणाऱ्या जिवंताची विहीर.

आपण विचारतो, "म्हाताऱ्या आईला कोण बघतं?" तेव्हा डोळ्यांनी बघण्याबद्दल विचारत नसतो. हागारचं 'पाहणारा' तसं आहे.

ती परत गेली. इसहाक झाल्यावर तिला पुन्हा घालवून दिलं, या वेळी पोरासकट, भाकर आणि पाण्याची एक बुधली देऊन. अब्राहाम श्रीमंत होता. एक बुधली! देवाने तिला रानात पुन्हा पाणी दाखवलं, हे खरं. पण अब्राहामाच्या विश्वासाचे गोडवे गाताना ही बुधली विसरू नये. विश्वासाने जगणाऱ्या माणसाच्या उतावीळपणाची किंमत त्याच्या घरातल्या सगळ्यात दुबळ्या बाईने मोजली.

मुलाला वेदीवर ठेवणारा देव कसला?

सगळ्यात मोठा आक्षेप हा, आणि तो सोपा करून सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

म्हातारपणी इसहाक झाला. नावाचा अर्थ 'तो हसतो', कारण वचन ऐकून आधी अब्राहाम हसला होता, मग तंबूच्या दाराआड सारा. आणि मग बाविसावा अध्याय: तुझा मुलगा, तुझा एकुलता एक, ज्याच्यावर तुझी माया आहे तो इसहाक, त्याला मोरिया देशात नेऊन होमार्पण कर. सदोम शहर वाचावं म्हणून याच अब्राहामाने, तिथे किती नीतिमान माणसं सापडली तर पुरे यावर, देवाशी पन्नासवरून पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, दहा अशी घासाघीस केली होती. इथे एक शब्द नाही. पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो. तीन दिवसांची वाट. लाकडं मुलाच्या पाठीवर, विस्तव आणि सुरा बापाच्या हातात.

"बाबा."
"काय, माझ्या मुला?"
"विस्तव आहे, लाकडं आहेत. पण होमार्पणाचं कोकरू कुठे आहे?"
"देव पाहून देईल, माझ्या मुला."

मराठी माणसाला इथे चिलया बाळाची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. चांगुणा उखळात कांडतेय, अंगाईही म्हणतेय आणि दारात अतिथी. दोन्हीकडे देव परीक्षा पाहतो, दोन्हीकडे मूल परत मिळतं. पण श्रियाळाच्या घरी सत्त्व शेवटापर्यंत कसाला लागतं आणि मग बाळ जिवंत होऊन येतं. मोरियावर सुरा उचललेला असताना हात थांबवला जातो आणि झुडपात शिंगं अडकलेला एडका दिसतो. कनानच्या आसपास पोटची मुलं देवतांना अर्पण करण्याची प्रथा होती, बायबलनेच तिची नोंद केली आहे. पुढच्या नियमशास्त्रात तिला सक्त मनाई आहे, आणि यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो, असलं काही माझ्या मनातही आलं नव्हतं. पुष्कळ अभ्यासक म्हणूनच या कथेकडे त्या प्रथेला लावलेला पूर्णविराम म्हणून बघतात. मला हे पटतं, पण यानेही त्या तीन दिवसांचं काय करायचं ते कळत नाही.

ख्रिस्ती वाचक इथे पुढचं पाहतो. लाकूड वाहून डोंगर चढणारा प्रिय पुत्र म्हणजे क्रूस वाहणारा येशू, आणि त्या वेळी बापाचा हात कोणी थांबवला नाही. 'इब्री लोकांस पत्र' सांगतं, देव मेलेल्यांतूनही उठवू शकतो असा अब्राहामाने हिशोब केला होता. मुसलमान हीच आठवण बकरी ईदला जागवतात. त्यांच्या परंपरेत बहुतेक जण तो मुलगा इश्माएल मानतात. ज्यू या कथेला नुसतं 'बांधणं' म्हणतात, कारण वध झालाच नाही.

काकांनी विचारलं, "उद्या कोणी म्हणालं मला असा आवाज आला, तर?"

तर पोलिसांना बोलवायचं, लगेच. महाराष्ट्रात नरबळीविरुद्धचा कायदा 2013 पासून आहे आणि ख्रिस्ती माणसाने त्याच्या बाजूने उभं राहायला बायबलमधलंच कारण आहे: मोरियावरचा शेवटचा आदेश 'मुलावर हात टाकू नकोस' हा आहे. त्या जागेचं नाव अब्राहामाने ठेवलं 'याव्हे-यिरे', परमेश्वर पाहून देईल. हिब्रूत हे हागारचंच क्रियापद. पाहणं.

आणखी एक, कोणी फारसं न सांगितलेलं. त्या डोंगरानंतर या पुस्तकात अब्राहाम आणि इसहाक एकमेकांशी एकदाही बोलताना दिसत नाहीत.

असा माणूस खरोखर होऊन गेला का?

त्याचं नाव असलेला समकालीन शिलालेख सापडलेला नाही. ऊरच्या टेकाडाचं 1922 ते 1934 या काळात लेनर्ड वूली यांनी उत्खनन केलं. मोठं, श्रीमंत शहर निघालं, पण अब्राहामाचा दाखला नाही. कथेतले उंट आणि 'खास्द्यांचं ऊर' (खास्दी म्हणजे पुढे बाबेलवर राज्य करणारे लोक) हे शब्द लिखाण बरंच नंतरचं असल्याकडे बोट दाखवतात, असं अनेक संशोधक मानतात. दुसरे म्हणतात, आठवण जुनी, शब्द नंतरच्या लेखकाचे. मेंढपाळाच्या एका कुटुंबाने मागे शिलालेख ठेवावा ही अपेक्षाही जरा जास्तच. माझ्यापुरतं सांगतो, ज्या समाजाने आपला मूळपुरुष दोनदा खोटं बोलताना आणि दासीला एका बुधलीवर घालवताना जपून ठेवला, त्याने तो शोभेसाठी रचला असेल असं वाटत नाही.

साडेचार किलो चांदी

सारा 127 वर्षांची होऊन हेब्रोनला वारली. पुरायला जागा नाही. ज्या देशाचं वचन मिळून 60 हून अधिक वर्षं झाली, तिथे बायकोसाठी खड्डा विकत घ्यायचा होता. अब्राहाम हित्ती लोकांसमोर उभा राहून म्हणतो, मी तुमच्यात परका आणि उपरा आहे.

मग तेविसाव्या अध्यायात जो व्यवहार होतो, तो वाचून जमिनीचा कुठलाही एजंट हसेल. मक्पेलाची गुहा एफ्रोनची. चारचौघांसमोर वेशीत तो म्हणतो, घ्या हो, शेतही घ्या, गुहाही घ्या, तशीच दिली. अब्राहाम वाकून नमस्कार करतो, नाही, किंमत घ्या. एफ्रोन म्हणतो, चारशे शेकेलची ती जमीन, तुमच्या-माझ्यात काय एवढं? आकडा असा सहज सांडला. पुढे कितीतरी काळाने यिर्मयाने एक शेत 17 शेकेलला घेतलं, त्यावरून एफ्रोनचा भाव कळतो. सदोमसाठी पाच पायऱ्या उतरलेला अब्राहाम इथे एक पैसा कमी करत नाही. व्यापाऱ्यांत चालणारी चांदी तोलून देतो. एक शेकेल साधारण अकरा ग्रॅम धरला तर साडेचार किलोच्या आसपास. आणि मग सातबाऱ्यासारखी नोंद येते: शेत, त्यातली गुहा, हद्दीतली सगळी झाडं.

आयुष्यभरात हातात आलेला ताबा तो एवढाच.

तो 175 वर्षांचा होऊन मेला तेव्हा त्याला तिथेच पुरलं. पुरायला इसहाक आणि इश्माएल दोघं आले. एक वेदीवरून उठलेला, दुसरा रानातून वाचलेला. काय बोलले असतील, ते लिहिलेलं नाही. आज त्या जागेवर हेरोद राजाच्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, काळातल्या दगडी भिंती उभ्या आहेत आणि आत ज्यूंचा भाग वेगळा, मुसलमानांचा वेगळा आहे. मध्ये पहारा.

बाप गेल्यावर इसहाक कुठे राहायला गेला, ते मात्र लिहिलेलं आहे. बैर-लहाय-रोई. हागारच्या विहिरीजवळ.